जुन्या इंग्रजी चांदीवरचे ठसे कसे वाचावेत

जुना इंग्रजी चमचा किंवा चहादाणी हातात आली की बहुतेक जण पहिल्यांदा कारागिराची अक्षरं शोधतात. ‘एच बी’ दिसलं की हेस्टर बेटमन, ‘पी एस’ दिसलं की पॉल स्टॉर, आणि पुढच्या क्षणी किमतीचा हिशोब सुरू. हा क्रम उलटा आहे, आणि जुन्या चांदीत पैसे बुडतात ते मुख्यतः याच उलट्या क्रमामुळे. दोन अक्षरांचा ठसा वेगवेगळ्या काळात अनेकांनी वापरलेला असतो. म्हणून आधी शहर, मग राजाचं मस्तक, मग वर्ष आणि सगळ्यात शेवटी कारागीर.

ही चांदी आपल्याकडे दुर्मीळ नाही. संस्थानिकांची घरं, जुनी पारशी कुटुंबं, लष्करी छावण्यांमधले मेस यांच्याकडून ती फिरत फिरत मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर, पुण्याच्या जुन्या बाजारात आणि सराफांच्या मोडीच्या डब्यात येते. त्या डब्यातून ती थेट मुशीत जाते, म्हणून ठसे वाचता येणाऱ्यांची संख्या वाढायला हवी असं मला मनापासून वाटतं.

दहापट दाखवणारं सराफी भिंग, ग्रॅमचा काटा आणि एका बाजूने तिरपा पडणारा उजेड एवढं पुरे. वस्तू पाहण्याआधी घासू नका.

मुलामा बाजूला काढा

चुंबक लावून चांदी ओळखा, हा सल्ला विसरून जा. तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर (तांबं, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू, नावापुरती चांदी) यांपैकी काहीच चुंबकाला चिकटत नाही आणि मुलाम्याच्या वस्तू याच धातूंच्या असतात. कसोटीच्या दगडावर घासणं तर गुन्हाच समजा. वस्तूवर कायमचा ओरखडा पडतो आणि मुलामा जाड असेल तर रेघही चांदीचीच उमटते.

बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी 1840 मध्ये विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं. त्यानंतर जर्मन सिल्व्हरवर चांदी चढवलेल्या वस्तूंचा पूर आला. त्यांवर ‘ई पी एन एस’ (इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर) ही चार अक्षरं चार वेगळ्या चौकटींत अशी ठोकलेली असतात की घाईत बघणाऱ्याला ते हॉलमार्क वाटावेत. चालता सिंह नसेल तर ती इंग्लंडात तपासलेली स्टर्लिंग चांदी नाही, इतकं पक्कं धरा. अपवाद 1697 नंतरच्या ब्रिटानिया दर्जाचा, तो पुढे येतोच. आणि ‘925’ हा आकडा जुन्या इंग्रजी चांदीवर शोधू नका. हजारात 925 भाग चांदी ही खूण तिथे 1544 पासून सिंहच देत आला आहे.

शहर

बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, मुकुट म्हणजे शेफील्ड (1975 पासून तिथे गुलाब आहे), किल्ला म्हणजे एडिंबरा, मुकुट घातलेला हार्प म्हणजे डब्लिन. बर्मिंगहॅम आणि शेफील्डची तपासणी कार्यालयं 1773 मध्ये सुरू झाली, त्यामुळे त्याआधीची वस्तू म्हणून नांगर किंवा मुकुटाचा ठसा कुणी दाखवला तर तिथेच थांबा.

वर्ष: इथे घाई चालत नाही

मला सगळ्यात जास्त काळ याच टप्प्याने अडवून ठेवलं. याबद्दल जे सांगितलं जातं ते फार अर्धवट असतं. ‘अक्षर बघा, तक्त्यात शोधा’ म्हणे. तक्ता उघडला की तेच अक्षर चार ठिकाणी सापडतं आणि माणूस आपल्याला हवं ते, म्हणजे सगळ्यात जुनं वर्ष निवडतो.

लंडनमध्ये 1478 पासून दर वर्षी एक अक्षर ठोकलं जाऊ लागलं. तपासणीत लबाडी झाली तर त्या वर्षीचा तपासनीस कोण हे कळावं, हा मूळ हेतू. ग्राहकाला वय सांगणं हे त्यात नव्हतंच. लंडनच्या जुन्या फेरीत वीस अक्षरं असत. ‘जे’ वगळलेलं असे आणि ‘यू’ नंतरची अक्षरं येत नसत. वीस वर्षं झाली की अक्षराचं वळण आणि भोवतीची चौकट बदले आणि फेरी पुन्हा ‘ए’ पासून सुरू होई. 1716 पासून 1955 पर्यंत लंडनचा प्रत्येक ‘ए’ 16, 36, 56, 76 किंवा 96 साली येतो. एवढं पाठ असलं तर निम्म्या वेळा तक्ता उघडावा लागत नाही. मात्र अक्षर जानेवारीत बदलत नसे, मे महिन्यात बदलत असे. म्हणून एक अक्षर म्हणजे दोन इंग्रजी वर्षांचे तुकडे.

आता साधा, छापील वळणाचा छोटा ‘ए’ घ्या. लंडनमध्ये तो 1736, 1776, 1816 आणि 1896 या चार वर्षी आला. आता अक्षर सोडा आणि शेजारच्या ठशांकडे बघा. बिबट्याच्या डोक्यावर 1821 पर्यंत मुकुट होता, त्यानंतर तो काढला. डिसेंबर 1784 ते 1890 या काळात चांदीवर कर भरल्याची खूण म्हणून राजाचं किंवा राणीचं मस्तक ठोकलं जाई. म्हणजे मुकुट आहे आणि मस्तकही आहे, तर 1816. मुकुट नाही, मस्तकही नाही, तर 1896. मुकुट आहे पण मस्तक नाही, तर 1736 किंवा 1776, आणि या दोघांत निवाडा चौकटीच्या आकारावरून करायचा. त्यासाठी मात्र तक्ता समोर ठेवून भिंगातून पाहणं अटळ आहे.

मोठा छापील ‘ए’ 1716, 1796, 1876 आणि 1936 ला आला. 1716 ची वस्तू वेगळीच दिसते, कारण तिच्यावर सिंह आणि बिबट्या नसून बसलेली ब्रिटानिया आणि मानेशी फाटल्यासारखं सिंहाचं तोंड असतं. नाणी कापून, वितळवून भांडी करण्याचा उद्योग बोकाळला म्हणून 1697 मध्ये भांड्यांच्या चांदीचा दर्जा नाण्यांपेक्षा चढा, हजारात सुमारे 958 केला गेला. 1720 मध्ये स्टर्लिंग परत आली. 1796 वर मुकुटवाला बिबट्या आणि उजवीकडे पाहणारा तिसरा जॉर्ज. 1876 वर मुकुट नसलेला बिबट्या आणि डावीकडे पाहणारी व्हिक्टोरिया. 1936 वर मस्तकच नाही. चार वस्तू, एकच अक्षर, आणि पहिल्या-शेवटच्यात दोनशेवीस वर्षांचं अंतर.

बजावून सांगायचं ते हे की लंडनचा तक्ता लंडनलाच. प्रत्येक शहराची फेरी वेगळी आहे. शेफील्डमध्ये तर 1824 पर्यंत अक्षरं वर्णक्रमाने लावलेलीच नव्हती, त्यामुळे तिथे ‘ए नंतर बी’ असा हिशोब केला की तो चुकतोच. आणि ठसा झिजलेला असेल तर अंदाजाने अक्षर पूर्ण करू नका. झिजलेला ‘सी’ सहज ‘जी’ वाटतो. विक्रेता ‘नक्की’ म्हणाला तरी, मस्तक आणि मुकुट जेवढं सांगतात तेवढंच वहीत लिहा.

मोबाइलवर फोटो टाकून उत्तर देणाऱ्या अ‍ॅपवर माझा अजिबात विश्वास नाही. चौकटीच्या खालच्या टोकाला टोक आहे की गोलाई, हे ठरवायला वस्तू बोटांत फिरवून उजेडाचा कोन बदलावा लागतो.

आता कारागीर

वर्ष हाती आलं की कारागिराचं नाव जवळजवळ आपोआप पडताळता येतं. हेस्टर बेटमनचं उदाहरण घ्या. नवरा 1760 मध्ये वारला, लंडनच्या बनहिल रो इथलं काम तिने हाती घेतलं, 1761 मध्ये स्वतःचा वळणदार ‘एच बी’ ठसा नोंदवला आणि 1790 मध्ये ती निवृत्त झाली. पुढे मुलगा पीटर आणि सून अ‍ॅन यांनी ‘पी बी’ आणि ‘ए बी’ अशा ठशाने काम चालवलं. तेव्हा ‘एच बी’ च्या शेजारी 1796 चा मोठा ‘ए’ असेल तर ती वस्तू हेस्टरची नाही, विक्रेत्याने कितीही आवाज चढवला तरी. एका विधवेने उभा केलेला तो कारखाना, मण्यांसारख्या काठाची ती हलकी, नेटकी भांडी, हे सगळं मला फार प्रिय आहे आणि म्हणूनच तिच्या नावावर काहीही खपवलेलं सहन होत नाही.

पॉल स्टॉरचंही तसंच. 1771 चा जन्म, 1844 मध्ये मृत्यू. या काळाबाहेरचा ‘पी एस’ त्याचा असूच शकत नाही आणि या काळातला प्रत्येक ‘पी एस’ त्याचाच असतो असंही नाही.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. जुन्या ठशांत ‘जे’ हा ‘आय’ असा कोरत. आणि 1697 ते 1720 मध्ये कायद्याने आडनावाची पहिली दोन अक्षरं घ्यावी लागत, म्हणून पॉल द लामेरीचा 1713 चा ठसा ‘एल ए’ आहे. 1739 पासून पुन्हा नाव आणि आडनाव यांची आद्याक्षरं सक्तीची झाली.

ठसा खरा, पण वस्तू?

अठराव्या शतकात कर चुकवण्यासाठी कारागीर छोट्या वस्तूवरचा खरा ठसा कापून मोठ्या वस्तूत डाखाने बसवत. पुढे फसवणुकीसाठीही हाच मार्ग वापरला गेला. ठशांच्या भोवती तोंडाची वाफ सोडा. क्षणभर धुकं धरतं तेव्हा डाखाची रेघ वेगळी दिसते. लपवलेली दुरुस्तीही अशीच उघडी पडते.

चमच्यांचा संच असेल तर सगळे उलटे मांडा. प्रत्येक चमच्यावर ठसे हाताने ठोकलेले असतात, त्यामुळे ते थोडे मागेपुढे, वाकडेतिकडे असायलाच हवेत. सहाही चमच्यांवर ठसे अगदी त्याच जागी, त्याच खळग्यासह असतील तर ते साच्यातून ओतलेले आहेत. साधारण 1780 च्या आधीचे चमचे दांड्याच्या खालच्या बाजूला, म्हणजे वाटीजवळ ठोकलेले असतात आणि दांडा नंतर सारखा करताना ते ठसे चेपतात. तिथला ठसा जरा वेडावाकडा दिसला तर घाबरू नका.

चहादाणीचं झाकण सुटं होत असेल तर त्यावरही काही ठसे हवेत आणि ते भांड्याशी जुळायला हवेत. तळाशी बारीक ओरखड्यांनी वजन लिहिलेलं असतं, ट्रॉय औंस आणि पेनीवेटमध्ये. औंस 31.1 ग्रॅमचा, पेनीवेट त्याचा विसावा भाग. 15 औंस 10 पेनीवेट लिहिलं असेल तर काट्यावर 482 ग्रॅमच्या आसपास यायला हवं. घासून घासून थोडं कमी होतंच. वजन वाढलेलं असेल तर नंतर कुणीतरी तोटी, मूठ किंवा पाय जोडले आहेत.

मधोमध अंगठ्याने दाबून बघा. पत्रा तिथेच पातळ लागला तर जुनं कुलचिन्ह घासून काढलेलं आहे आणि किंमत त्या मानाने उतरते.

भारतात घडलेली चांदी

ब्रिटिश काळात भारतात सरकारी तपासणी कार्यालय नव्हतं. आपल्याकडे चांदीचं बीआयएस हॉलमार्किंग आलं ते 2005 मध्ये. त्यामुळे वरची सगळी रीत इथे बाजूला ठेवा. कलकत्त्याची हॅमिल्टन आणि कंपनी ‘एच अँड को’ च्या जोडीला हत्ती आणि एखादं अक्षर ठोके. ते इंग्रजी धाटणीचं दिसतं, पण ते वर्षाचं अक्षर नव्हे आणि इंग्रजी तक्त्यात शोधलं तर भलतंच उत्तर मिळतं. मद्रासच्या पी. ऑर आणि सन्सचं देवदेवतांच्या उठावाचं ‘स्वामी’ काम प्रसिद्ध आहे. पुण्यात हीरप्पा बूचेना यांनीही देवदेवतांच्या आकृतींचं दाट उठावाचं काम केलं.

भुजचे ओमरशी मावजी कच्छच्या दरबाराचे कारागीर. त्यांचा ‘ओ एम भुज’ ठसा आज सगळ्यांना ठाऊक आहे, आणि असा ठसा कुणीही करून घेऊ शकतं. म्हणून इथे ठशाआधी काम बघायचं. पानावेलींच्या गर्दीत लपलेला हरणाचा किंवा कुत्र्याचा आकार भिंगाखालीही जिवंत दिसला पाहिजे, डोळा आणि कान वेगळे ओळखू आले पाहिजेत. नकलेत वेल छान असते आणि प्राणी बोथट.

स्वच्छता

कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड. रांगोळी, टूथपेस्ट आणि भांडी उजळायची पूड नको, कारण प्रत्येक घासणीत ठसा थोडा थोडा पुसला जातो. अ‍ॅल्युमिनियमची पन्नी आणि सोड्याचं पाणीही नको, नक्षीच्या खोबणीतला काळेपणा निघून गेला की उठाव सपाट दिसू लागतो.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी

1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा अधिक जुनी वस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही. आजीचा चहाचा संच अमेरिकेला न्यायचा असेल तर आधी वरच्या रीतीने त्याचं वर्ष काढा. शंभरच्या आतलं निघालं तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या आणि तो सामानासोबत ठेवा. शंभरच्या पुढचं निघालं तर संच इथेच राहील. ठशांचे स्पष्ट फोटो आणि वजन लिहून नातवंडांना पाठवा.