डिनर पार्टीसाठी घरच्या पेस्ट्री कशा करायच्या: थीम रात्रीच्या आकाशाची

आधी एक सांगते, इथे पेस्ट्री म्हणजे क्रीमवाल्या केकचा तुकडा नाही, ओव्हनमधून फुगून येणारी पापुद्र्यांची पेस्ट्री. थीम पार्टी म्हटलं की बरेच जण पाच-सहा वेगवेगळे प्रकार करायला घेतात आणि मग मित्र दारात आले तरी हात पिठातच असतात. माझं ऐका, पीठ एकच करा, थीम आकारात आणि सारणात आणा. आपण आकाश घेऊया, म्हणजे तिखटमिठाचे अर्धचंद्र आणि गोड चांदण्या, 6 जणांना आरामात पुरतील.

पीठ आदल्या दिवशीच करायचं. 250 ग्रॅम मैदा, अर्धा चमचा मीठ (बटर खारं असेल तर मीठ नको) आणि 200 ग्रॅम थंडगार बटर. बटरचे साधारण दीड सेंटीमीटरचे तुकडे करून 15 मिनिटं फ्रीजरमधे ठेवा, मग मैद्यात टाकून प्रत्येक तुकडा बोटांनी फक्त चपटा करा. चोळून रवाळ करायचं नाही, तुकडे दिसायलाच हवेत. आता बर्फाचं पाणी थोडं थोडं घाला, 110 ते 120 मिली लागतं, आणि गोळा जेमतेम जमला की थांबा. मळू नका! गोळा ओबडधोबड दिसेल, कोरडं पीठ इकडेतिकडे राहील, बिघडलं असं वाटेल पण ते तसंच असतं. झाकून अर्धा तास फ्रीजमधे.

मग लांबट चौकोन लाटा आणि पत्राची करतो तशी तीन पदरी घडी घाला, वळवून परत लाटा, परत घडी. दोन घड्या झाल्या की अर्धा तास फ्रीज, मग अजून दोन. चार घड्यांत 3 चे 9, 9 चे 27, 27 चे 81 थर होतात. चौथ्या घडीनंतर कडेचा एक काप काढून बघा, बटरच्या पिवळ्या रेघा एकावर एक दिसतात, मला तर हा क्षण बेकिंगपेक्षाही जास्त आवडतो. या रेघांवरच सगळा खेळ आहे कारण बटरमधे साधारण 15-16 टक्के पाणी असतं, ओव्हनच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि ती थर वर उचलते. बटर आधीच वितळलं तर ते मैद्यात मुरतं आणि मग पदर सुटतच नाहीत, नुसतं बिस्किट होतं. म्हणून लाटताना चिकटायला लागलं की मैदा भुरभुरत बसू नका, सरळ 10 मिनिटं फ्रीजमधे टाका.

अर्धचंद्रासाठी मश्रूम, कांदा, मिरपूड एकदम कोरडं होईपर्यंत परता, चीज घाला आणि पूर्ण गार करा. मी एकदा घाईत कोमट सारण भरलं होतं, वरून मस्त फुगले पण तळाला ओलसर कच्चे राहिले, तेव्हापासून सारण हाताला गार लागल्याशिवाय भरत नाही. पीठ 3-4 मिलिमीटर जाड लाटून 8 सेंटीमीटरच्या चकत्या कापा, मधे चमचाभर सारण, कडेला पाण्याचं बोट, दुमडून काट्याने दाबा आणि वर वाफेसाठी सुरीने एक चीर.

उरलेल्या पिठाच्या चांदण्या. कटर सरळ खाली दाबा, गोल फिरवू नका, फिरवला की कडा चिकटतात. टोकं फार निमुळती नकोत, मधला भाग होईपर्यंत ती करपतात. कातरणं मळायची नाहीत, एकावर एक रचून लाटायची.

हे सगळं कच्चंच ट्रेवर मांडून रात्री फ्रीजरमधे टाका. पार्टीच्या दिवशी ओव्हन 200 डिग्रीला नीट तापू द्या, वरून फेटलेलं अंडं किंवा दूध लावा पण कडांवर ओघळू देऊ नका, थर तिथेच चिकटून बसतात. चांदण्यांना 12-15 मिनिटं, अर्धचंद्रांना 20-25, फ्रीजरमधून थेट टाकले तर थोडं जास्त. अर्धचंद्रांची पहिली 15 मिनिटं दार उघडायचा मोह टाळा, त्यामुळे दोन्ही ट्रे वेगवेगळे लावलेले बरे. रंग फिकट सोनेरी दिसतोय म्हणून काढू नका, चांगला बदामी होऊ द्या, आतले पापुद्रे तेव्हाच कोरडे होतात.

चांदण्या गार झाल्या की मधून आडव्या उघडा. 100 मिली क्रीम उकळीला आणून 100 ग्रॅम डार्क चॉकलेटच्या तुकड्यांवर ओता, दोन मिनिटांनी ढवळा, घट्टसर झालं की भरा. हे मात्र वाढायच्या तासभर आधीच, फार आधी भरलं तर खुसखुशीतपणा जातो. गडद निळ्या किंवा काळ्या ताटात मांडून वरून गाळणीने पिठीसाखर भुरभुरवा, थोडी ताटावरही पडू द्या. अर्धचंद्र गरमच द्या, ते पाहुणे आल्यावर ओव्हनमधे टाकले तरी चालतं, घरभर बटरचा वास सुटलेला असतो तेवढ्यात.