ठाण्याच्या उकाड्यात घरगुती ईस्टर: चॉकलेट, मार्झिपान, अंडी आणि सजावट करताना या चुका टाळा

चॉकलेट साच्यातून सुटत नाही, मार्झिपान (सुकामेव्याची पूड आणि साखरेची मिठाई) हाताला चिकटतं, रंगवलेल्या अंड्यांवर चट्टे पडतात. ईस्टर जवळ आला की या तक्रारी ठरलेल्या. बहुतेक वेळा दोष करणाऱ्याच्या हाताचा नसतो. आपण ज्या कृती वाचतो त्या थंड हवेच्या देशांत लिहिलेल्या असतात. ‘खोलीच्या तापमानाला ठेवा’ असं त्यात लिहिलेलं असतं तेव्हा लिहिणाऱ्याच्या डोक्यात वीस अंश असतात. ठाण्यात त्या दिवसांत दुपारचं स्वयंपाकघर तेहतीस-चौतीस अंशांवर असतं आणि खाडीवरून येणारा दमटपणा वेगळाच. कृती जशीच्या तशी उचलायची नाही, आपल्या हवेला जुळवून घ्यायची, एवढं लक्षात ठेवलं की निम्म्या अडचणी सुरूच होत नाहीत.

तारीखही आधी बघून घ्या. २१ मार्च किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि त्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कुठेही येतो. २०२५ मध्ये तो २० एप्रिलला होता, २०२६ मध्ये ५ एप्रिलला, २०२७ मध्ये २८ मार्चला. मार्चअखेरीस जे चॉकलेट टेबलावर तग धरतं, ते एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात धरेलच असं नाही.

सगळं शनिवारवर ढकलू नका

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्याला त्याची स्वतःची लय आहे. गुरुवारी संध्याकाळी प्रभूच्या शेवटच्या भोजनाचा मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), शुक्रवारी उपवास आणि क्रूसाची वाट (येशूच्या क्रूसापर्यंतच्या प्रवासाची प्रार्थना), शनिवारी रात्री जागरणविधी. जांभळी नाक्याजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये जाणाऱ्या घरांत या दिवसांत गोडधोड करत बसायला ना वेळ असतो, ना कुणाचं मन असतं. म्हणून कागदाची सजावट आदल्या आठवड्यात, मार्झिपान सोमवारी किंवा मंगळवारी, चॉकलेट बुधवारपर्यंत. शनिवारी फक्त अंडी उकडायची आणि रंगवायची.

ईस्टर हौसेने साजरा करणाऱ्या इतर मित्रमंडळींसाठी एक गोष्ट मनापासून सांगते. गुड फ्रायडेला फुगे आणि तोरणं लावू नका, त्या दिवशी ‘हॅपी’ शुभेच्छाही पाठवू नका. तो येशूच्या मरणाचा, शोकाचा दिवस आहे. गुरुवारच्या मिस्सानंतर चर्चमधल्या वेदीवरची वस्त्रंसुद्धा काढून ती उघडी ठेवतात. आनंदाची सजावट शनिवारी रात्रीपासून.

चॉकलेटची अंडी: सगळ्यात जास्त बिघडणारी गोष्ट

पहिली चूक दुकानातच होते. बेकिंगच्या सामानाच्या दुकानात दोन प्रकारची चॉकलेटं मिळतात. कुवर्चरमध्ये खरं कोको बटर असतं. कंपाउंडमध्ये त्याऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. कोको बटर साधारण तेहतीस-चौतीस अंशांना वितळतं, म्हणजे आपल्या स्वयंपाकघराच्या तापमानालाच. शिवाय कुवर्चर नुसतं वितळवून ओतलं तर ते मऊ, निस्तेज राहतं आणि त्यावर पांढुरके पट्टे येतात. त्याला टेंपरिंग लागतं. डार्क चॉकलेट पंचेचाळीस ते पन्नास अंशांपर्यंत वितळवायचं, ढवळत ढवळत सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत उतरवायचं आणि पुन्हा एकतीस-बत्तीसपर्यंत चढवून मगच साच्यात घालायचं. थर्मामीटर आणि एसी खोली नसेल तर या वाटेला जाऊच नका. घरी मुलांबरोबर करायचं असेल तर कंपाउंड घ्या, त्यात काहीच कमीपणा नाही. चवीत फरक असतो हे खरं, पण वितळून पसरलेल्या महागड्या चॉकलेटपेक्षा नीट उभं राहिलेलं कंपाउंडचं अंडं केव्हाही चांगलं.

दुसरी चूक पाण्याची. चॉकलेटमध्ये पाण्याचे दोन थेंब गेले तरी ते अचानक घट्ट, खरखरीत होतं आणि त्याचा गोळा बनतो. गरम पाण्यावर भांडं ठेवून वितळवताना बाजूने येणारी वाफ हेच करते, आणि भांडं उचलल्यावर बुडाला लागलेलं पाणी साच्यात टपकतं ते वेगळंच. भांडं खालच्या पातेल्यावर घट्ट बसेल असं घ्या, उचलल्याबरोबर बूड फडक्याने पुसा. त्यापेक्षा मायक्रोवेव्ह सोपा: आधी तीस सेकंद, मग पंधरा-पंधरा सेकंद, प्रत्येक वेळी बाहेर काढून ढवळायचं. पांढरं चॉकलेट फार लवकर करपतं, त्याला आच आणखी कमी. नेहमीचा पाण्यातला खायचा रंग घातला तरी असाच गोळा होतो. चॉकलेटसाठी तेलात मिसळणारे रंग वेगळे मिळतात. गोळा झालाच तर टाकून देऊ नका. त्यात थोडं थोडं गरम दूध किंवा साय घालून ढवळा, केकवर ओतायला सुरेख सॉस होतो. अंडी मात्र त्यातून होणार नाहीत.

साचा कापसाने कोरडा पुसा, आत बोट लावू नका, कारण बोटाचा ठसा अंड्यावर जसाच्या तसा उमटतो. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्या आणि कडेला जरा जास्त चॉकलेट ठेवा, तडा तिथेच जातो. मग साचा फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. दहा-पंधरा मिनिटांनी पारदर्शक साचा उलटा करून बघा. चॉकलेट सुटलेलं असेल तिथे साचा आतून धुरकट दिसतो, ओलं आणि काळपट दिसत असेल तिथे ते अजून चिकटलेलं असतं. पूर्ण धुरकट झाल्याशिवाय सुरीने कोरायला जायचं नाही. दोन अर्धुकं जोडायला स्टीलचं ताट किंचित कोमट करा, दोन्हीच्या कडा त्यावर क्षणभर टेकवा आणि लगेच एकमेकींवर बसवा. हातमोजे नसतील तर हात बर्फाच्या पाण्यात बुडवून खटखटीत कोरडे करून घ्या.

एवढं सगळं नीट जमूनही वाट लागते ती फ्रिजमधून काढताना. गार चॉकलेट दमट हवेत आलं की त्यावर घाम धरतो, घाम वाळला की साखरेचे खरखरीत पांढरे डाग उरतात. म्हणून अंडी हवाबंद डब्यातच फ्रिजमध्ये ठेवा, आणि डबा बाहेर काढल्यावर निदान अर्धा-पाऊण तास उघडू नका. डाग पडलेलं चॉकलेट खायला सुरक्षित असतं, फक्त दिसायला फिकं.

मार्झिपान

युरोपात मार्झिपान बदामाचं करतात. मुंबई, वसई, गोव्याकडे ते काजूचं होतं. काजू आणि साखर सारख्या वजनात, अंड्याचं पांढरं, गुलाबपाणी, बदामाच्या इसेन्सचे दोन-चार थेंब. इथली नेहमीची चूक म्हणजे काजू फ्रिजमधून काढल्याबरोबर दळणं आणि मिक्सर सलग फिरवत राहणं. गार काजूंना हवेतलं पाणी सुटतं आणि सलग फिरणाऱ्या भांड्याच्या उष्णतेने काजू तेल सोडतो. पूड न होता लगदा होतो. काजू बाहेरच्या तापमानाला आल्यावर थोडे थोडे घ्या, थांबून थांबून फिरवा आणि चाळा.

अंड्याचं पांढरं कच्चं मळून घेण्याच्या कृती सापडतात. आपल्या उन्हाळ्यात तो धोका नको. मंद आचेवर सगळं एकत्र ढवळत शिजवा, गोळा कढईच्या कडा सोडू लागला की उतरवा. मऊ राहिलं तर पुन्हा आचेवर ठेवा किंवा थोडी पिठीसाखर मळा. तडे जात असतील तर गुलाबपाण्याचा हात लावून मळा. तेलकट झालं तर कोमट असतानाच पिठीसाखर घालून मळा. पातळ रंगाने गोळा सैल होतो, म्हणून जेल रंग वापरा. साच्याला तुपाचा अगदी पुसट हात पुरे, जास्त झालं तर पानाफुलांची नक्षी बुजते. वळलेले तुकडे जाळीखाली पंख्याच्या वाऱ्यावर रात्रभर वाळू द्या, मगच डब्यात भरा.

शेजारी पाठवताना एक गोष्ट फार लोक विसरतात. आपल्या सोसायट्यांमध्ये अंडं न खाणारी घरं भरपूर आहेत, आणि मार्झिपान दिसतं काजूकतलीसारखं. डब्यावर ‘यात अंडं आहे’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर त्यांच्यासाठी साखरेच्या पाकातलं बिनअंड्याचं वेगळं करा. मार्शमेलोचे ससे देणार असाल तर पाकीट वाचा, त्यात बहुतेक वेळा जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांपासून बनतं.

हॉट क्रॉस बनबद्दल, म्हणजे वर क्रूसाची खूण असलेल्या गोड पावाबद्दल, थोडक्यात. कृतीत पीठ फुगायला दीड तास लिहिलेला असेल तर तुमच्या घड्याळाऐवजी पिठाकडे बघा. ठाण्यात ते पाऊण तासात दुप्पट होतं, आणि पुढे ठेवलं तर आंबूस होऊन बसतं. दूध बोटाला सोसेल इतकंच कोमट, त्याहून गरम झालं तर यीस्ट मरतं.

रंगवलेली अंडी

गावठी तपकिरी अंड्यांवर रंग मळकट दिसतो, त्यासाठी पांढरी अंडीच घ्या. चट्टे पडायचं कारण बहुधा टरफलावरचा चिकटपणा असतो. उकडलेली अंडी व्हिनेगरच्या ओल्या फडक्याने पुसून घ्या. रंगाच्या प्रत्येक कपभर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर पुरे. टरफल कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, जास्त आम्लात ते विरघळायला लागतं आणि रंग सालीसकट निघतो.

स्वयंपाकघरातले रंग खरं तर सगळ्यात देखणे. कांद्याची टरफलं उकळून विटकरी तांबडा येतो आणि तो पक्का बसतो, पहिल्यांदा करणाऱ्यांनी तोच करावा. लाल कोबीचं पाणी जांभळं दिसतं, अंडं मात्र त्यातून निळं निघतं. मुलं हे बघून हरखून जातात. बिटाचा गुलाबी रंग उकळत राहिलात तर तपकिरी पडतो आणि हाताला लागतो. हळदीचा पिवळा उन्हात उडतो, ती परडी खिडकीत ठेवू नका. रंगातून काढलेलं अंडं पुसू नका, काडेपेटीच्या काड्यांवर टेकवून आपोआप वाळू द्या.

सजावट

फुग्याभोवती फेव्हिकॉलमध्ये भिजवलेला दोरा गुंडाळून केलेलं जाळीचं अंडं सुंदर दिसतं, आणि नव्वद टक्के वेळा फुगा लवकर फोडल्यामुळेच चपटं होतं. दमट हवेत त्याला पूर्ण एक दिवस टांगून ठेवा. फुग्याला आधी तेलाचा हात लावला की दोरा सहज सुटतो. कागदावर फेव्हिकॉल थापला की कागद सुरकुततो, काडीने कडेकडेला लावा.

पाम संडेच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, झावळ्यांचे क्रूस विणायचे असतील तर पात हिरवी असतानाच विणा, उशीर होणार असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. हे आशीर्वादित पान कचऱ्यात टाकायचं नसतं; चर्चमध्ये परत दिलं की पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, त्याचीच राख कपाळाला लावतात. फुलांत लिलीच हवी असा हट्ट नको. जांभळी नाक्याच्या बाजारातला निशिगंध आपल्या उकाड्यात जास्त टिकतो. घरात मांजर असेल तर लिली आणूच नका, तिचे पराग चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

सोसायटीच्या बागेत मुलांसाठी अंडी लपवणार असाल तर तिथे प्लास्टिकची किंवा कागदाची लपवा. उकडलेली अंडी कावळे आणि मुंग्या मुलांच्या आधी शोधतात, आणि एखादं झुडपात विसरलं तर चार दिवसांनी वॉचमन वासावरून शोधून काढतो. खरी अंडी घरातच लपवा. किती आणि कुठे ठेवली ते लिहून ठेवा. बाहेरचं तापमान बत्तीसच्या वर असेल तेव्हा उकडलेलं अंडं तासाभराहून जास्त बाहेर राहिलं की ते खायचं नाही. पोस्टर कलरने किंवा स्केचपेनने रंगवलेलंही नाही. खायच्या रंगातली, फ्रिजमध्ये राहिलेली, रंगवताना जराशी तडकलेली अंडी मात्र सोलून रविवारच्या दुपारी बॉटल मसाल्याच्या (ईस्ट इंडियन घरांतल्या मिश्र मसाल्याच्या) रश्शात घाला. पांढऱ्यावर उतरलेल्या कोबीच्या निळ्या रेषा रश्शात दिसतही नाहीत.