एसीएलएसचे नवे बदल क्रूच्या हातात कसे बसवायचे

गाइडलाइन बदलली की ग्रुपवर पीडीएफ येते, सगळे अंगठे टाकतात आणि पुढच्या कॉलला जो तो आपण ज्या वर्षी कोर्स केला त्याच वर्षाचं एसीएलएस (हृदय बंद पडलेल्या पेशंटवरचे प्रगत उपचार) करत बसतो. एकाच पेशंटभोवती एक जण २००५ चा, एक २०१५ चा आणि एक नवीन पोरगा ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या गाइडलाइनचा. मग औषधावरून वाद होतो आणि तेवढ्यात छाती दाबायची थांबते. म्हणून नुसतं "नवीन काय आलं" न सांगता ते ॲम्ब्युलन्सच्या क्रूमध्ये उतरवायचं कसं हे लिहितोय. तुमच्या मेडिकल डायरेक्टरने ठरवलेला प्रोटोकॉल वेगळा असेल तर तोच पाळायचा, हे आधीच सांगून ठेवतो.

सगळ्यात आधी "काय बंद झालं" याची यादी करा. नवीन गोष्ट माणूस हौसेने शिकतो, जुनी मात्र घाईत आपोआप हातातून बाहेर येते. लागोपाठ तीन शॉक २००५ मध्येच गेले, आता एक शॉक आणि नाडी बघत न बसता लगेच दोन मिनिटं कॉम्प्रेशन, म्हणजे छाती दाबणं. पीईए (ईसीजीवर ठोके दिसतात पण नाडी नाही) आणि असिस्टोलला (सपाट रेष) ॲट्रोपिन २०१० मध्ये गेलं. व्हेसोप्रेसिन हे औषध २०१५ मध्ये अल्गोरिदममधून काढलं. पण म्हणून ॲट्रोपिन बॉक्समधून फेकून देऊ नका बरं का, ब्रॅडिकार्डियाला (हृदयाचे ठोके फार मंद झाले तर) ते अजून आहेच, आणि २०२० पासून एका वेळचा डोस अर्ध्याऐवजी १ मिग्रॅ झालाय, दर ३ ते ५ मिनिटांनी, एकूण ३ मिग्रॅपर्यंत. जुन्या लोकांच्या तोंडात अजून अर्धाच बसलाय, तेव्हा बॉक्सच्या झाकणाच्या आतून डोसचं स्टिकर लावलेलं असेल तर आधी ते तपासा. नवी पीडीएफ फोनमध्ये आणि जुनं स्टिकर बॉक्सवर असेल तर रात्रीच्या कॉलला स्टिकरच जिंकतं.

आता ॲड्रेनालीन. डोस तोच, १ मिग्रॅ दर ३ ते ५ मिनिटांनी, पण कधी द्यायचं ते रिदमवर, म्हणजे मॉनिटरवर दिसणाऱ्या हृदयाच्या लयीवर आहे. शॉक न लागणारा रिदम असेल तर लाइन (औषध सोडायची सुई) मिळाली की लगेच. व्हीएफ किंवा पल्सलेस व्हीटी (शॉक लागणारे दोन रिदम) असेल तर आधी शॉक, सुरुवातीचे शॉक फेल गेले की मग ॲड्रेनालीन. बऱ्याच क्रू दोन्हीकडे एकच सवय लावतात, पोचल्या पोचल्या ॲम्पूल फोडायची, आणि व्हीएफमध्ये पॅड लावायचा माणूस ॲम्पूल शोधत असतो, हे चूकच. शॉकनेही रिदम सुटत नसेल तर ॲमिओडॅरोन, पहिलं ३०० मिग्रॅ, दुसरं १५०, ते नसेल तर लिडोकेन चालतं.

लाइनच्या बाबतीत मात्र सवय खरंच बदलावी लागणार आहे. आयओ गन (हाडात सुई बसवणारं यंत्र) आल्यापासून कित्येकांनी व्हेन बघायचंच सोडलंय, थेट हाडात. २०२४ मध्ये आलेल्या मोठ्या चाचण्यांमध्ये आधी हाडातून औषध दिलं म्हणून जास्त माणसं वाचली असं काही दिसलं नाही, आणि नवीन गाइडलाइन आधी आयव्हीच (शिरेतून) म्हणते, जमलं नाही किंवा शक्यच नसेल तर आयओ. आता यावरून कोणी पाच वेळा कॅन्युला टोचत बसू नये, क्रूमध्ये आधीच ठरवा की किती प्रयत्न आणि मग गन काढायची. औषध दिल्यावर २० मिली सलाईनचा फ्लश आणि हात वर उचलून धरणं हे जुनंच आहे, पण नेमकं तेच करायचं राहून जातं.

खरा वेळ घालवायचा तो शॉकच्या आजूबाजूच्या काही सेकंदांवर. मिनिटाला १०० ते १२०, खोली किमान ५ सेमी पण ६ च्या वर नाही, छाती पूर्ण वर येऊ द्यायची, हे सगळ्यांना पाठ असतं. फाटतं ते थांबण्यात. सराव असा करा: दोन मिनिटं संपायला पंधरा सेकंद राहिले की टायमरवाला मोठ्याने सांगणार, पुढचा दाबणारा समोरच्या बाजूला गुडघ्यावर येऊन तयार. थांबलं की लीडर रिदम बघतो, "व्हीएफ" म्हणतो, आणि त्याच क्षणी नवीन माणूस दाबायला लागतो, चार्जिंग ते दाबणं चालू असतानाच होतं. मशीनचा आवाज बदलला की "सगळे लांब", ऑक्सिजन बाजूला, शॉक, आणि हात परत छातीवर. प्रत्येक थांबा १० सेकंदांच्या आत. ऐकायला सोपं आहे, पण मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) स्टॉपवॉच लावून बघा, चार्ज होताना सगळे मॉनिटरकडे बघत उभे राहतात आणि पंधरा-वीस सेकंद सहज जातात. बायफेजिक शॉक मशीनला किती ज्यूल (शॉकची ताकद) ते तुमच्या मशीनच्या कंपनीने सांगितलेलंच घ्या, माहीत नसेल तर मॅक्सिमम.

एकदम ताजं म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बिघडलेली लय) कार्डिओव्हर्जनला, म्हणजे शॉकने लय परत आणायला, सुरुवातच किमान २०० ज्यूलने, पूर्वी १२० पासून चढत जायचो ते आता नको. सिंकचं (शॉक ठोक्याशी जुळवून देणारं) बटण मात्र दाबलंय का ते प्रत्येक शॉकआधी बघा, काही मशीन एका शॉकनंतर सिंकमधून आपोआप बाहेर पडतात. दोन डिफिब (शॉक मशीन) लावून डबल शॉक किंवा पॅडची जागा बदलणं यावर कॅनडातल्या २०२२ च्या चाचणीपासून सगळीकडे उत्साह आहे, पण २०२५ च्या गाइडलाइनने त्याचा उपयोग अजून सिद्ध नाही असंच म्हटलंय. डोकं वर उचलून सीपीआर हा प्रकारही चाचणीबाहेर करायचा नाही. छाती दाबणारं मेकॅनिकल मशीन रूटीनला नाही, पण हलत्या गाडीत हाताने दाबणं क्रूच्याच जिवावर बेतत असेल तिथे ते वापरायला हरकत नाही.

श्वासनलिकेत ट्यूब टाकली असेल तर दर ६ सेकंदांनी एक श्वास. अंगात ॲड्रेनालीन चढलेलं असताना ॲम्बू (श्वास द्यायची पिशवी) धरणारा माणूस हमखास दुप्पट वेगाने देतो, त्याला मोठ्याने आकडे मोजायला लावा. कॅप्नोग्राफीची (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणं) लाट ही ट्यूब जागेवर असल्याची खूण तर आहेच, पण आकडा एकदम वर उडाला तर हृदय चालू झालं असावं असा पहिला इशारा तिथेच मिळतो.

आणि हृदय चालू झालं की क्रू सैल पडते, तिथे कोणाची तरी ड्युटी आधीच लावून ठेवा: मीन (सरासरी) ब्लड प्रेशर किमान ६५, ऑक्सिजन सॅच्युरेशन दिसायला लागलं की १०० टक्क्यांच्या मागे न लागता ऑक्सिजन कमी करणं, १२ लीड ईसीजी. ताप येऊ द्यायचा नाही, पण गार सलाईन धडाधड सोडायचं काम गाडीत करू नका, ते केव्हाच बंद झालंय.

हे सगळं एका दिवसाच्या लेक्चरमध्ये बसत नाही. शिफ्टच्या सुरुवातीला दहा मिनिटं, एका वेळी एकच बदल, आणि जोड्या बदलून, कारण ठरलेल्या पार्टनरबरोबर सगळं छान जमतं, खरं कळतं ते अनोळखी माणसाबरोबर. खऱ्या केसनंतर मॉनिटरमधलं रेकॉर्डिंग काढता येत असेल तर नक्की काढा आणि त्यात फक्त एकच शोधा, सगळ्यात लांब थांबा कुठे पडला आणि तेव्हा कोण काय करत होतं. कोणाला झापायला नाही, पुढच्या शिफ्टच्या दहा मिनिटांत काय घ्यायचं ते त्यातूनच ठरतं.