मुंबईत खोली घेताय? आधी सकाळची लोकल पकडून बघा

खोली रविवारी दुपारी बघू नका. रविवारी सगळी मुंबई जवळच वाटते. सोमवारी सकाळी साडेआठला खोलीजवळच्या स्टेशनवरून ऑफिसला जाऊन बघा, मगच टोकन द्या. मी हे केलं नाही. भाड्यात दोन हजार वाचवले आणि रोज शेअर रिक्षाच्या रांगेत पाऊण तास घालवला. शिवाय रिक्षाचे पैसे वेगळेच. अकरा महिने!

खोली बघताना नळ सोडून बघाच. पाणी किती वाजता येतं ते मात्र दलालाला नाही, वॉचमनला विचारा. भाडेकराराची नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची आहे, आणि १९९९च्या कायद्यानुसार ती जबाबदारी घरमालकाची. ‘नुसत्या स्टॅम्पपेपरवर भागतं’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. डिपॉझिट चेकने किंवा ऑनलाइनच द्या.

आणि पहिल्याच महिन्यात लोकलचा पास काढा. पास असला की रविवारी त्याच मार्गावर कितीही फिरा, वेगळं तिकीट नाही. चर्चगेटपर्यंतचा असेल तर उत्तमच: काळा घोडा भागात चालत जा, जहांगीर आर्ट गॅलरीत फुकट चित्रं बघा आणि ऊन उतरलं की मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर दाणे खात बसा.