एक्सएल घेतला म्हणजे ओव्हरसाइझ होत नाही

डोंबिवलीहून सकाळी आठच्या आतली फास्ट लोकल पकडायची असेल तर कपाटासमोर उभं राहून विचार करायला वेळ नसतो. मला तरी गेली नऊ वर्षं नाही. गडद रंगाचे सैल टी-शर्ट, सरळ पँट, वर टाकायला एखादा उघडा शर्ट, एवढ्यावर माझं व्यवस्थित चालतं. ऑफिसातली नवी पोरं विचारतात, "ताई, कुठून घेतेस?" कुठून ते गौण आहे. कसं निवडायचं ते सांगते, कारण मोजक्या कपड्यांत कसं भागवायचं या विषयावरचे व्हिडिओ दहा मिनिटं कपाट रिकामं करायला लावतात आणि खांद्याच्या शिवणीबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

किती आणि कोणत्या रंगाचे

सहा टी-शर्ट, तीन पँट, दोन ओव्हरशर्ट. कोणत्याही टी-शर्टवर कोणतीही पँट चालली पाहिजे. चालत नसेल तर ती वस्तू घेऊच नका.

रंग काळा, नेव्ही, ऑलिव्ह, गडद तपकिरी. पांढरा एखादाच, कारण घाम आणि अँटीपर्स्पिरंटमधलं अ‍ॅल्युमिनियम मिळून त्याच्या काखा पिवळ्या करतात. आणि तो करडा ठिपक्याठिपक्यांचा मेलांज, जो प्रत्येक यादीत पहिल्या नंबरावर असतो, तो मुंबईत घालणाऱ्याला माझा नमस्कार. दादर येईपर्यंत पाठीवर नकाशा उमटलेला असतो.

टी-शर्ट: इथेच सगळे फसतात

मी फसले ती गोष्ट आधी सांगते. सैल टी-शर्ट हवे होते, सेल लागला होता, मी पुरुषांच्या विभागातून साधे एक्सएल साइझचे तीन उचलले. (बायकांच्या विभागातले टी-शर्ट मला तेव्हाही जाळीसारखे पातळ वाटायचे, आजही वाटतात.) पहिल्याच दिवशी जिन्यात समोरच्या काकू भेटल्या. "काय गं, बाबांचा टी-शर्ट घातलास का?" मला राग आला, पण काकू बरोबर होत्या. गळा एका खांद्यावरून घसरत होता, लांबी मांडीच्या मध्यावर आली होती, आणि काखेखाली कापडाचा नुसता बोंगा.

चूक अशी होती की साधा टी-शर्ट मोठ्या साइझमध्ये घेतला की त्याचं सगळंच वाढतं: छाती, लांबी, गळा, बाही. ओव्हरसाइझ म्हणून बेतलेल्या टी-शर्टात छाती आणि खांदा रुंद असतो, पण लांबी जवळपास तेवढीच राहते आणि गळा तर अंगाबरोबर बसतो. दोन्हींचा बेतच वेगळा. त्यामुळे ओव्हरसाइझ कटमध्ये आपला नेहमीचाच साइझ घ्यायचा. तिथेही "अजून थोडा सैल" म्हणून एक साइझ वर गेलात की परत बाबांचा टी-शर्ट.

पण लेबलवरच्या अक्षरावर विसंबू नका. एका दुकानाचा एम दुसऱ्याच्या एल एवढा निघतो. रस्त्यावरच्या ढिगात तर बऱ्याचदा तमिळनाडूतल्या तिरुपूरकडून आलेला निर्यातीचा उरलेला माल असतो, परदेशी मापांचा, लेबल कापलेला. म्हणून पर्समध्ये शिंप्याचा टेप ठेवा. मी फॅशन स्ट्रीटवर टेप काढते तेव्हा विक्रेता आधी हसतो, मग गिऱ्हाईक मुरलेलं आहे हे ओळखून भाव जरा लवकर उतरवतो.

मापं घ्यायची ती टी-शर्ट सपाट पसरून. पहिलं माप खांद्याचं, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत. लोक छाती आधी मोजतात, ते चुकीचं आहे. सैल कपड्यात छाती थोडी इकडेतिकडे झाली तर कळतही नाही. माझा खांदा साडेचौदा इंच आहे. टी-शर्टाचा खांदा अठरा-साडेअठरा असला की शिवण दोन्हीकडे पावणेदोन-दोन इंच खाली उतरते आणि सैलपणा मुद्दाम केलेला वाटतो. शिवण अर्धाच इंच उतरली तर ती चूक वाटते, आणि पार दंडाच्या मध्यावर गेली तर हात वर करताना अख्खा टी-शर्ट वर येतो. तुमचा खांदा मोजा, त्यात तीन ते चार इंच मिळवा, आणि त्या आकड्याबाहेर जाऊ नका.

दुसरं माप लांबीचं. खालची कड कमरेच्या हाडाखाली चार बोटं थांबली पाहिजे. माझी उंची पाच फूट तीन इंच, मला २६ इंच पुरतात. आणि सुती होजिअरी, म्हणजे टी-शर्टचं ते ताणणारं कापड, पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटते. पाच टक्के आटली तर २६ इंचांतला सव्वा इंच गेला, म्हणून नवा घेताना २७ चा घेते. "प्रीश्रंक", म्हणजे आधीच आटवलेलं, असं लिहिलेलं असलं तरी.

लांबी जास्त असेल तर नाक्यावरच्या मास्टरकडे कापून घेऊ, असं मनात असेल तर थांबा. माझ्या त्या तीन एक्सएलचं मी तेच केलं. मास्टरने साध्या मशीनवर सरळ टीप मारून दिली, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत चढताना खालची कड ताणली गेली आणि दोरा तटातट तुटला. होजिअरी ताणते, साधी टीप ताणत नाही. त्याला फ्लॅटलॉक मशीन लागतं, ज्याची बाहेरून दोन समांतर टिपा आणि आतून जाळी दिसते. तुमच्या मास्टरकडे ते आहे का, आधी विचारा. खांदा मात्र कुणाकडूनच बदलून घेऊ नका. बाहीचा घेर, काख, छाती सगळं उसवून पुन्हा बेतावं लागतं. नवा टी-शर्ट स्वस्त पडतो.

आता कापड. सैल कपड्याला वजन लागतं. पातळ होजिअरी सैल शिवली की ती नीट खाली पडत नाही, वारा आला की अंगाला चिकटते. वजन जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरतं ते. साधा अंगालगतचा टी-शर्ट १८० च्या आसपास असतो. सैल कटला तो कमी पडतो. इंटरनेटवरचं प्रत्येक पोर मात्र सरसकट २४० घ्या म्हणतं, जसं काही सगळे एसी गाडीतून फिरतात. पुणे-नाशिकला २४० खुशाल घ्या. मुंबई, ठाणे, कोकणात २०० ते २२०, त्यावर नाही. मे महिन्यात अंगाला घाम आणि जुलैत दोन दिवस न वाळणारं कापड, दोन्ही मी भोगलंय. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात टी-शर्टचा हट्टच सोडा आणि मागावर विणलेल्या सुती कापडाचा सैल हाफ शर्ट घाला, त्यातून वारा जातो.

आतल्या बाजूला बारीक बारीक फासे दिसले तर ते टेरी कापड. हिवाळ्यात छान, लोकलमध्ये शिक्षा.

आकड्याबद्दल शंका असेल तर घरचा एखादा फाटका टी-शर्ट घ्या, त्यातून १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि बारीक वजनकाट्यावर ठेवा. जितके ग्रॅम भरतील त्याला शंभराने गुणा. २.२ ग्रॅम म्हणजे २२०. असे दोन-तीन तुकडे मोजून हाताळले की पुढे दुकानात बोटांनाच कळायला लागतं.

शेवटी दोन गोष्टी नुसत्या डोळ्यांनी बघा. कापड नीट निरखलं की विणीच्या उभ्या ओळी दिसतात. त्या बाजूच्या शिवणीला समांतर हव्यात. तिरक्या असतील तर चार धुण्यांत टी-शर्टाला पीळ पडतो आणि बाजूची शिवण पोटावर येते. आणि गळ्याची पट्टी ताणून सोडा. लगेच जागेवर आली नाही तर परत ढिगात टाका. सैल टी-शर्टात घट्ट राहावी अशी ती एकच जागा असते.

ट्रायल रूममध्ये समोरून आरसा बघून काही कळत नाही. गाडीतली कडी धरल्यासारखा एक हात वर करा. पोट दिसलं तर नको. मग दोन्ही खांद्यांवर सॅक घेऊन बघा, कारण दिवसातले तीन तास ती तिथेच असणार आहे.

पँट

सरळ कट, कॉटन ट्विल, त्यात दोन टक्के स्पँडेक्स, म्हणजे ताणणारा धागा, पुरे. उकिडवं बसून बघा. खिशात मोबाइल पूर्ण गेला पाहिजे, आणि एका खिशाला चेन असेल तर गर्दीत जीव थाऱ्यावर राहतो. बायकांच्या पँटना खिसे म्हणून जे शिवलेलं असतं त्याबद्दल न बोललेलंच बरं. मी इथेही पुरुषांच्या विभागात जाते आणि कंबर मास्टरकडून आत घेते. ते काम साध्या मशीनवर होतं.

उंची करायला देण्याआधी पँट एकदा धुवा. मास्टरकडे जाताना रोजचेच बूट घालून जा. घोट्याच्या हाडाशी थांबवा, आणि आत दीड इंच कापड दुमडून ठेवायला सांगा, कापू देऊ नका. जमिनीला टेकणारी रुंद पँट फोटोत सुंदर दिसते. जुलैत कुर्ल्याला एकदा उतरून बघा.

बूट आणि ओव्हरशर्ट

काळे किंवा गडद करडे स्नीकर्स, पावसाळ्यात रबरी सँडल. ओव्हरशर्ट जुना, मऊ पडलेला असला तरी चालतो. मी भावाचा वापरते.

धुणं

उलटा करून, थंड पाण्यात, गडद कपडे वेगळे. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो हे विसरा. मीठ कारखान्यात रंगवताना वापरतात, रंग सुताकडे ओढला जावा म्हणून; रंगवून झालेल्या कपड्याला घरच्या बादलीतल्या मिठाचा काही उपयोग नाही.

ओला टी-शर्ट खांद्यांना चिमटे लावून टांगू नका. पाण्याच्या वजनाने तो लांब होतो आणि तुम्ही इतकी मोजूनमापून घेतलेली लांबी गेली. दोरीवर मधोमध घडी घालून टाका, सावलीत. पावसाळ्यात मशीनमधून काढल्यावर कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा आणि त्यावर मिनिटभर उभ्या राहा. उरलेलं बरंचसं पाणी टॉवेलमध्ये उतरतं, आणि रात्री पंख्याखाली टाकलेला २२० चा टी-शर्ट सकाळच्या गाडीला घालता येतो.