डिजिटल मिक्सर नेटवर्क केबलवर चालवताना या चुका टाळा

आवाज मधेच टकटक करत तुटायला लागला की पहिला संशय मिक्सरवर जातो. मिक्सर बहुतेक वेळा निर्दोष असतो. ठाण्या-वाशीकडच्या कार्यक्रमांत स्टेजवरच्या माइकचे आवाज मिक्सरपर्यंत नेणारी जाड मल्टिकोर केबल मागे पडून तिच्या जागी एक बारीक नेटवर्क केबल आली, पाठीवरचं ओझं गेलं. पण त्या केबलकडे आपण अजून ऑफिसातल्या इंटरनेटच्या वायरसारखंच बघतो.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे आरजे-45 चं (नेटवर्क केबलचं) सॉकेट दिसलं की सगळं एकच समजणं. बेहरिंगर एक्स 32 या मिक्सरच्या मागे एईएस 50 चे, म्हणजे केबलवरून आवाज नेण्याच्या एका पद्धतीचे (प्रोटोकॉलचे), ए आणि बी असे दोन पोर्ट असतात. टॅब्लेटवरून मिक्सर चालवायला इथरनेटचा पोर्ट वेगळा. स्टेजबॉक्स, म्हणजे स्टेजवर माइक जोडायचा डबा, या तिसऱ्यात खोचला तर रात्रभर बसलात तरी आवाज येणार नाही. एईएस 50 नेटवर्कची केबल वापरतं, पण ते कॉम्प्युटरचं असतं तसं आयपी नेटवर्क नव्हे. त्यामुळे मधे स्विच (अनेक नेटवर्क केबली एकत्र जोडणारा डबा) घालायचा नाही, केबल थेट मिक्सरपासून स्टेजबॉक्सपर्यंत. त्या एकाच केबलवरून 48 किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने) दोन्ही दिशांनी 48-48 चॅनेल जातात. डान्टे या दुसऱ्या प्रोटोकॉलची गोष्ट उलटी: ते खरंखुरं आयपी नेटवर्क आहे, स्विचवरून पसरतं. या दोघांना साध्या जोडणीने एकत्र आणता येत नाही, मधे कार्ड किंवा कन्व्हर्टर लागतो. भाड्याने सामान मागवताना फोनवर 'डिजिटल स्टेजबॉक्स आहे का' एवढंच विचारू नका, प्रोटोकॉल कोणता ते विचारा.

आता केबल. एईएस 50 साठी शील्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) असलेली कॅट 5ई प्रकारची केबल हवी, आणि शील्ड दोन्ही टोकांच्या धातूच्या इथरकॉन प्लगला जोडलेली हवी. प्लास्टिकच्या साध्या प्लगवर ती तालमीत चालते. मग कोणीतरी नायलॉनच्या गालिच्यावरून चालत येऊन रॅकला हात लावतो, स्थिर विजेची ठिणगी पडते आणि आवाज क्षणभर गायब! एक्स 32 ची माहितीपुस्तिका 80 मीटरची मर्यादा सांगते. डान्टेला तांब्याच्या केबलवर 100 मीटर, त्यापुढे फायबर. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं, पुन्हा पुन्हा गुंडाळली की आतून तुटू शकते. दिवे लागणाऱ्या छोट्या टेस्टरवरही विसंबू नका. आठही तारा जोडलेल्या आहेत एवढंच तो दाखवतो; जोड्या चुकीच्या पिळल्या असतील तर ते त्याला कळत नाही. गणपतीत मांडवाबाहेरून नेलेल्या केबलवरून टेम्पो गेला असेल, तर ती वरून धड दिसली तरी बाजूला काढा. पावसात इथरकॉन जमिनीवर ठेवू नका.

डान्टेचा स्विच गिगाबिटचा घ्या आणि त्यातली वीज वाचवणारी ईईई सोय बंद करा; तिच्यामुळे सगळ्या उपकरणांना एका तालात ठेवणारं घड्याळ डळमळतं. डान्टे उपकरणाचे प्रायमरी आणि सेकंडरी पोर्ट एकाच स्विचला लावू नका. रिडंडंट मोडमध्ये (एक बंद पडलं तर दुसरं चालावं म्हणून) ही दोन वेगळी नेटवर्क असतात, आणि पोर्ट स्विच्ड मोडमध्ये, म्हणजे दोन्ही एकाच नेटवर्कवर, असतील तर लूप (डेटाची न संपणारी फेरी) तयार होऊन सगळं ठप्प होतं. वाय-फायवरून डान्टेचा आवाज पाठवायचा नाही. टॅब्लेटचा राउटर शक्यतो वेगळाच ठेवा, नाहीतर मल्टिकास्टचा, म्हणजे सगळ्यांना एकदम पाठवलेल्या डेटाचा, लोंढा त्याच्यावर आदळतो.

घड्याळ ही सर्वांत दुर्लक्षित जागा. डिजिटल आवाजात सगळ्या उपकरणांनी एकाच घड्याळावर चालायचं असतं. प्रेक्षकांसाठी हॉलमधला आणि कलाकारांना ऐकवणारा मॉनिटरचा, असे दोन मिक्सर एईएस 50 वर जोडले तर एकाला इंटर्नल (स्वतःचं घड्याळ), दुसऱ्याला केबलवरून सिंक (पहिल्याच्या घड्याळाशी जुळणी). दोन्ही इंटर्नलवर राहिले की टिकटिक सुरू, आणि मग लोक माइक बदलत बसतात. डान्टेत मुख्य घड्याळ उपकरणं आपसात ठरवतात. ते कोणाकडे गेलंय ते डान्टे कंट्रोलर या सॉफ्टवेअरमध्ये बघा. एक यंत्र 44.1 किलोहर्ट्झवर आणि दुसरं 48 वर असेल तर त्यांच्यात पॅचच (आवाजाची जोडणीच) होत नाही.

ऐन वेळी बिघाड झाला तर मेनूत शिरण्याआधी मिक्सरजवळ स्टेजबॉक्स आणून पाच मीटरच्या, आधी चाललेल्या केबलने जोडा. चाललं तर दोष लांब केबलचा. नाही चाललं तर पोर्ट आणि सिंक तपासा. बेहरिंगरच्या एस 16 या स्टेजबॉक्सवर एईएस 50 चा दिवा लाल असेल तर सिंक नाही, हिरवा असेल तर आहे. हिरवा असूनही आवाज नसेल तर नेटवर्कला दोष देऊ नका, मिक्सरमधलं राउटिंगचं (कोणता आवाज कुठे जातो ते ठरवणारं) पान उघडा.