टोल्यावरची (पाड्यावरची) पोरं शाळेत कशी आणायची आणि टिकवायची (भामरागड, एटापल्लीकडे काम करणाऱ्यांसाठी)

गडचिरोलीच्या दक्षिण भागात मुलांच्या शिक्षणाचं काम करायचं असेल तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पटावर नाव आहे म्हणजे पोरगं शाळेत आहे असं नाही. नाव कुठल्यातरी रजिस्टरमध्ये सापडतं आणि पोरगं टोल्यावर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरत असतं. म्हणून शाळेच्या यादीवरून नको, टोल्यावरून सुरुवात करा. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना सोबत घ्या, घरोघरी जा, सहा ते चौदा वयाचं कोण आहे, शाळेत शेवटचं कधी गेलं, का सुटलं, एवढंच विचारा.

एवढंच म्हणजे खरंच एवढंच. 1980 च्या दशकापासून ही गावं पोलीस आणि नक्षलवादी यांच्या मधे भरडली गेलीत, त्यामुळे रात्री कोण येतं, जंगलात कोण दिसलं असलं काही चुकूनही विचारायचं नाही, पोलिसांच्या गाडीतून गावात उतरायचं नाही, पोरांचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. आधी गावच्या पाटील-भूमियाला (गावच्या पारंपरिक प्रमुखांना) भेटा, मग ग्रामसभेत बोला. हा पेसाचा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचा भाग आहे, ग्रामसभेच्या ठरावाला वजन आहे. आणि शाळेच्या इमारतीत कुणाचाही कॅम्प नको यावर ठाम राहा, पलीकडे छत्तीसगडमध्ये सुरक्षा दलांना शाळांतून बाहेर काढा असं सुप्रीम कोर्टाला 2011 मध्ये सांगावं लागलं होतं.

आता कागदपत्रं. जन्मदाखला नाही, आधार नाही म्हणून पोराला परत पाठवलं तर 2009 च्या शिक्षण हक्क (आरटीई) कायद्याचं कलम 14 दाखवा, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, अंगणवाडीतली नोंद किंवा आईबापाचं लेखी निवेदन चालतं. कलम 4 पण लक्षात ठेवा, बारा वर्षांच्या पोराला पहिलीत बसवायचं नसतं, वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि मागे राहिलेला अभ्यास वेगळा शिकवून भरून काढायचा. पहिलीच्या लेकरांत बसवलेलं मोठं पोरगं लाजेनेच पळून जातं. पाचवीपर्यंत एक किलोमीटर आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी असा नियम आहे, नसेल तर ग्रामसभेचा ठराव जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे वाहतुकीची नाहीतर निवासी सोयीची लेखी मागणी करा आणि पोच घ्या. तोंडी बोलणं इथे पावसात वाहून जातं, पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचाच संपर्क तुटतो.

सगळ्यात जास्त जीव भाषेत घाला. घरी माडिया, म्हणजे इथल्या आदिवासींची बोली, आणि वर्गात पहिल्या दिवसापासून मराठी, मग गुरुजी प्रश्न विचारतात आणि लेकरू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभं राहतं, तहान लागली तरी बोलत नाही, माठाकडे नुसतं बघत राहतं. ते मठ्ठ नसतं हो! गावातली दहावी-बारावी झालेली पोरगी वर्गात मदतीला बसली, पहिले काही महिने गोष्टी, मोजणी, गाणी माडियात झाली की तेच लेकरू बडबड करायला लागतं. तिला मानधन कुठून द्यायचं हे आधी ठरवा, फुकट राबवू नका.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात तेव्हा पोरं पहाटेच टोपली घेऊन झाडाखाली जातात, घराचा पैसा त्यावर असतो. आईबापाला ओरडून उपयोग नाही, त्या दिवसांत शाळेची वेळ पुढे ढकलता येते का ते शाळा व्यवस्थापन समितीत मांडा, या समितीत 75 टक्के पालकच असतात.

मुलीला आश्रमशाळेत पाठवायच्या आधी स्वतः जाऊन बघा, महिला अधीक्षक रात्री तिथेच राहते का, संडासाला कडी आहे का, मच्छरदाण्या आहेत का, कारण मलेरिया इथे फार आहे. आईला पण सोबत न्या, तिने डोळ्यांनी बघितलं की तिचा धीर वाढतो. आणि दिवाळीच्या सुट्टीवर नीट लक्ष ठेवा, घरी आलेली पोरं परत जायला नको म्हणतात, म्हणून सुट्टी संपायच्या आधीच टोल्यावर जा, एका गावची चार-पाच पोरं एकत्र निघतील असं बघा, सोबत कुणीतरी मोठं द्या, आणि आठवड्याने फोन करून पोरं पोचली का, जेवतात का ते विचारून आईबापाला निरोप द्या.